अक्षतेचा दाणा

नवी बंदूक आणि नवा खोंड पहिल्या दिवशी काम करत नसतात, असं बंदुकीच्या दुकानदारानं मला सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला शिवी हासडली. माझा बाप देवगाव रंगारीजवळच्या आमच्या रानात जन्मभर बैलांच्या मागं चालला. खोंड औताला कसा लावायचा, हे गल्ल्यामागं बसलेल्या माणसानं मला शिकवायचं का? पण दुकान त्याचं होतं आणि गरज माझी होती. मी मान हलवली आणि पेटी उघडली.

आत काळी कुळकुळीत बंदूक होती. लाकूड नावाला नाही, दस्तासुद्धा प्लॅस्टिकचा. पोटाखाली पाच काडतुसांचं मॅगझिन लागायचं. चाप एकदा ओढला की एक बार उडणार, रिकामं काडतूस बंदूक आपणच बाहेर फेकणार आणि मॅगझिनमधलं पुढचं आपणच आत घेणार. सेमी-ऑटो म्हणतात तिला. माझ्या जुन्या दुनळीत दोन काडतुसं हातानं घालायची, दोन उडवायची आणि पुन्हा बंदूक मोडून दोन घालायची. चौदा वर्षं ती खांद्याला होती. तिचा दस्ता माझ्या गालाच्या तेलानं गुळगुळीत झाला होता. ती मी त्याच दुकानात विकायला ठेवली आणि मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निघालो नसतो.

नवी बंदूक मला हौसेनं घ्यायची नव्हती. फौजेतून हवालदार म्हणून घरी आल्यापासून मी बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर गार्ड होतो. ह्या नोकरीत बंदूक कुणी देत नाही. ज्याच्याकडं स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक असेल त्यालाच गाडीवर घेतात. माणसाची नाही, बंदुकीची भरती म्हणा. त्या उन्हाळ्यात आमच्या एजन्सीच्या तरुण मॅनेजरनं सगळ्या गार्डांना बोलावून सांगितलं, की दुनळी आता चालणार नाही, मॅगझिनवाली बंदूक पाहिजे. दसरा झाला की मैदानावर प्रत्येकानं दहा बार उडवून दाखवायचे. बंदूक मध्ये अडली नाही तर गाडीवर ड्युटी. अडली तर गाडी बंद.

मी घाबरलो नाही. फौजेतली शेवटची सहा वर्षं मी रंगरुटांना हत्यार शिकवलं होतं. गोळीबार चालू असताना हत्यार अडलं, तर फौजेत त्याला ‘रोक’ म्हणतात आणि ती काढायच्या कवायतीला ‘फौरी इलाज’. शेकडो पोरांकडून मी तो इलाज डोळे बांधून करून घेतला. एखादं पोरगं म्हणायचं, उस्ताद, रायफलच खराब आहे. मग मी त्याची रायफल घ्यायचो, बट खांद्याच्या खळग्यात दाबून पाच गोळ्या मारून दाखवायचो आणि ती त्याच्या हातात परत द्यायचो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी मराठी पोरांना मराठीत आणि बाकीच्यांना हिंदीत इतक्यांदा ऐकवली, की माझ्या माघारी ते मला ‘आंगन’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

पहिल्या रविवारी बंदूक घेऊन शहराबाहेरच्या रायफल क्लबच्या मैदानावर गेलो. पहिला बार उडाला. दुसरा उडाला. तिसऱ्याला चाप मेलेला. पाहतो तर रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत उभंच्या उभं अडकलेलं आणि मागंपुढं सरकणारा बोल्ट त्याला दातात धरून बसलेला. मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला, काडतूस झटकलं, पुन्हा लावलं. दोन बार गेले की पुन्हा तेच. वीस-पंचवीस बारांत नऊ वेळा रोक. शेजारच्या पट्ट्यावर नेमबाजी शिकणाऱ्या कॉलेजच्या मुली होत्या. त्या आधी माझ्याकडं बघून थांबल्या, मग सवयीनं बघेनाशा झाल्या. ते जास्त लागलं.

दुकानदार फोनवर म्हणाला, ‘‘मी सांगितलं होतं ना, नवी आहे. पहिले बार जड काडतुसांचे लावा. धक्का जोरात बसला की आतलं आपोआप मोकळं होतं.’’ जड काडतुसं घेतली. पण परवान्यावर वर्षाची काडतुसं ठरलेली असतात. बंदूक मोकळी करण्यातच ती संपवली, तर गाडीवर काय गुलाबजामून घेऊन बसू? हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, हे सगळ्यांचंच आहे काका. सगळ्यांचं असलं की माझं कमी होतं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

मग मी दुसरा मार्ग धरला. दुपारी ड्युटी नसली की छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरासमोर, ओट्यावर पोतं अंथरून बसायचो. रिकामी बंदूक मांडीवर घ्यायची, बोल्टच्या खाचेत तेलाचा थेंब सोडायचा आणि बोल्ट ओढायचा, सोडायचा. खटॅक. खटॅक. दोनशे झाले की पुसायचं, नवीन तेल घालायचं, पुन्हा दोनशे. बायको शेजारी गहू निवडत असायची. समोरच्या घरातल्या बाईनं तिला एकदा विचारलं, ‘‘मशीन घेतली का वं शेवयाची?’’ बायको म्हणाली, ‘‘व्हय, पण शेवया काय पडंनात.’’ एरवी मी हसलो असतो.

त्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या खांद्यात कळ यायची. वय झालं की कुठं तरी कळ येतेच, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. बोल्टची मूठ उजवीकडं असते, तरी मी डावा हात वरून आणून ती ओढायला लागलो होतो. आंघोळीचा तांब्या कधी डाव्या हातात गेला तेही मला आठवत नाही. सकाळी गणवेश घालताना बायको शर्टाची उजवी बाही धरून उभी राहायची. ‘‘तुमची गाडी यायची, उगं उशीर नको,’’ असं म्हणायची. मला वाटायचं, म्हातारपणी हिला माझी माया आली.

छावणीच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांचे वडील निजामाच्या काळात जहागीरदारांच्या बंदुका दुरुस्त करायचे. पोलीस ॲक्शननंतर लोकांनी बंदुका जमा केल्या आणि मग त्यांच्या दुकानात बरेच दिवस फक्त शिवणयंत्रंच यायची, असं चाचा सांगायचे. दुकान अजून अर्धं बंदुकांचं आणि अर्धं शिवणयंत्रांचं होतं. चाचांनी माझी बंदूक खोलली, चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक भाग डोळ्याजवळ नेला, बोटाच्या पेरानं खाचा चाचपल्या.

‘‘नुक्स तो दिखता नहीं मेरेकू, हवालदारसाब,’’ ते म्हणाले. ‘‘नवी चीज है. घिसने दो. अपना रास्ता खुद बना लेती.’’

‘‘कधी?’’

‘‘उसकू पूछो,’’ म्हणत त्यांनी बंदूक माझ्याकडं सरकवली.

आणि खरंच, बंदूक हळूहळू मोकळी होत गेली. दुसऱ्या रविवारी सहा वेळा अडली, तिसऱ्याला चार. जड काडतुसं असली की मॅगझिन पुष्कळदा सलग उडायचं. हलकी असली की रुसायची. भादवा सरताना शेवटचा सराव केला, त्यात दहा बारांत एकच रोक आली. त्या दिवशी मी येताना पावशेर जिलबी आणली. एका रोकेवर जिलबी आणणारा उस्ताद मी माझ्या हाताखालच्या पोरांत कधी खपवून घेतला नसता.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी हत्यारांची पूजा बापाच्या वेळेपासून होते. तेव्हा विळे, खुरपी, कुऱ्हाड असायची. फौजेतून आल्यापासून बंदूक. दरवर्षी सकाळी मी बंदूक पुसून पाटावर मांडायचो आणि पुढचं सगळं बायको करायची. त्या वर्षी तिनं पाटावर नवं लाल कापड अंथरलं होतं. एवढी काळी बंदूक लाल कापडावर बरी दिसत होती. तिनं हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार ठेवला, अक्षता वाहिल्या. मी नारळ घेऊन अंगणातल्या दगडाशी गेलो. पहिल्या फटक्यात नारळाला काही झालं नाही. दुसऱ्या, तिसऱ्यातही नाही. चौथ्याला चीर पडली आणि पाणी माझ्या पायावर सांडलं.

‘‘निबर निघाला नारळ,’’ बायको दारातून म्हणाली.

‘‘निबरच देतात आजकाल,’’ मी म्हणालो.

पूजा झाल्यावर मी बंदूक फडक्यानं पुसली आणि तिच्या कापडी खोळीत घातली. दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर हजेरी होती.

आम्ही अकरा गार्ड होतो. माझ्याहून मोठा कुणीच नाही. काडतुसं एजन्सीनं आणली होती, नेहमीची हलकी. माझा नंबर चौथा आला. तीन बार उडाले. चौथ्याला चाप मेला. मी फौरी इलाज केला, हात आपोआप चालले. पुढचे तीन गेले. सातव्याला पुन्हा रोक. मॅनेजरनं हात वर केला आणि म्हणाला, ‘‘थांबा काका.’’ त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बाजूला सतरंजीवर बसून बंदूक खोलली. खोळ झटकली, मॅगझिन काढलं, बोल्ट काढला. सगळं मांडून बघतो तर सतरंजीवर एक तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला. मी तो चिमटीत उचलला. एक एक करत बाकीचे गार्ड जवळ आले. कुणीतरी म्हणालं, ‘‘मॅगझिनमधी गेला असंल, मग काय चालतीय.’’ कुणीतरी हसलं. मला मात्र सुटल्यासारखं झालं. कारण सापडलं होतं. मॅनेजरला दाणा दाखवला. त्यानं तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ठीक आहे, एका महिन्यानं अजून एकदा बघू. पण मग शेवटचं.’’

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बायको कणीक मळत होती. मी तिच्यासमोर तळहात उघडला.

‘‘हे बघ. हे तुझ्या पूजेचं. सगळ्यांसमोर बंदूक अडली. चौदा वर्षांची नोकरी तुझ्या एका दाण्यानं जायची वेळ आली. इथून पुढं बंदुकीला हात लावशील तर याद राख.’’

ह्यापेक्षाही बरंच बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. ते सगळं लिहायची मला लाज वाटते.

तिनं दाण्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. हाताला कणीक तशीच होती.

‘‘चुकलं माझं,’’ ती म्हणाली.

एवढंच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. माझी बायको चूक कबूल करणाऱ्यांतली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर ते मिठाचं चुकतं, तिचं नाही. पण मी रागाच्या भरात होतो. समोरच्यानं मान खाली घातली की रागावलेल्या माणसाला आपण खरे आहोत असंच वाटतं.

त्या महिन्यात घरात बोलणं कमी झालं. बंदूक मी एकटाच पुसायचो. ती खोलीत आली की मी खोळ ओढून घ्यायचो, जणू तिच्या पदरातून अक्षता गळत होत्या. ओट्यावर मी बसलो की ती गव्हाचं सूप घेऊन आत जायची. बाही मात्र ती रोज धरत होती, न बोलता.

आणि बंदूक अडतच होती. मॅगझिन मी रॉकेलनं धुतलं, फुंकून वाळवलं, आत उजेड पाडून कोपरा न् कोपरा बघितला. आता दाणा नव्हता, धूळ नव्हती. हलकी काडतुसं लावली की तीन-चार बारांत रोक. पुन्हा चाचांकडं गेलो.

‘‘दुकानमें नुक्स नहीं दिखता,’’ ते म्हणाले. ‘‘मैदानपर देखता मैं. इतवारकू ले चलो.’’

रविवारी आमच्या गाडीवरचा एक तरुण गार्ड मोटारसायकलवर चाचांना घेऊन आला. तोही फौजेतून आलेला, तिशीतला, मला काका म्हणणारा. त्याची बंदूक माझ्यासारखीच, एकाच वेळी घेतलेली. ती पहिल्या महिन्यातच सुरळीत चालायला लागली होती. नशीब म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मी उभा राहिलो. दोन बार गेले, तिसऱ्याला रोक. काढली. पुन्हा दोन गेले, पुन्हा रोक. चाचा माझ्या उजवीकडं उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की ते बंदुकीकडं बघतच नाहीत. ते माझ्या पाठीकडं बघत होते.

‘‘जरा इसकू दो,’’ ते म्हणाले.

त्या पोरानं माझी बंदूक घेतली. माझी, माझ्याच मॅगझिनसह, तीच हलकी काडतुसं. पाचच्या पाच उडाले. दुसरं मॅगझिन भरून दिलं. तेही पाचच्या पाच. रिकामी काडतुसं त्याच्या उजव्या अंगाला एकाच जागी पडली.

‘‘काका, लई मोकळी झालीय की बंदूक,’’ तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता. त्याला अजून कळलं नव्हतं.

चाचांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि ते माझ्या मागं आले. आपला तळहात त्यांनी माझ्या उजव्या खांद्यामागच्या पात्यावर ठेवला आणि जोरानं टेकवला. ‘‘अब मारो,’’ ते म्हणाले. मी पाच बार उडवले. पाचही गेले. एकदाही अडली नाही. त्यांनी हात काढून घेतला. ‘‘और मारो.’’ मी दुसरं मॅगझिन लावलं. दुसऱ्याच बाराला रिकामं काडतूस खिडकीत उभं राहिलं.

मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती, तरी चाचांनी सांगितलं, हळूच, त्या पोराला ऐकू जाऊ नये असं. ‘‘इसकू पीछे दीवार होना. आपकी दीवार सरक री, हवालदारसाब.’’ बार उडाला की बंदूक मागं येते. खांद्यानं तिला जागच्या जागी थोपवलं, तर तो सगळा धक्का बोल्ट मागं फेकायच्या कामी येतो. खांदाच मागं गेला, तर धक्का खांद्यातच जिरतो आणि बोल्ट अर्ध्या वाटेवर थांबतो. जड काडतुसानं ते झाकलं जात होतं, एवढंच. दुनळीनं मला हे कधी कळू दिलं नव्हतं. तिला खांद्याकडून काहीच नको होतं. काडतुसं मी हातानं घालायचो.

मी खाली बसलो आणि मॅगझिनमधली उरलेली काडतुसं एक एक करून काढली. मला रडू आलं नाही. राग आला, आणि कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तो आणखी वाढला. त्या शेकडो पोरांना मी जे ओरडून सांगत होतो, बट खांद्यात घट्ट, खांदा घट्ट, ते मला सहा महिने कुणी सांगितलं नव्हतं. उस्तादाला कोण सांगणार? आणि घरी मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

तो तरुण गार्ड परत जाताना म्हणाला, ‘‘काका, परीक्षेच्या दिवशी जड काडतुसं लावू. मॅनेजरला काय कळतंय?’’ त्यानं चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण गाडीवर उद्या खरंच कुणी चालून आलं, तर माझ्यामागं हात ठेवून कोण उभं राहणार? गाडीत ड्रायव्हर असतो, पेट्या उचलणारा असतो, त्यांची बायकापोरं असतात. मी त्याला नाही म्हणालो. महिना संपायच्या आधीच मॅनेजरकडं गेलो आणि सांगितलं, खांदा गेलाय. तो उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर काठीची ड्युटी आहे, बघा, म्हणाला. मी बघितली आणि घेतली.

बायकोला मी खांद्याचं सांगितलं नाही. म्हणालो, कंपनीनं गाडीवर वयाची अट घातली. ‘‘आणि बंदूक?’’ तिनं विचारलं. ‘‘बंदूक ठीक आहे,’’ मी म्हणालो. ‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. त्या वेळी माफी मागता आली असती. पण माफी मागायची तर दाण्याचं खोटं ठरवावं लागलं असतं, आणि दाणा खोटा ठरला की खांदा खरा ठरला असता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच.

वर्षभर मी गेटवर उभा राहिलो. पाळी बदलताना बसा लागायच्या, पोरं-पोरी उतरायच्या, मी त्यांच्या डब्यांच्या पिशव्या बघायचो. काठी कोपऱ्यात टेकलेली असायची. पिशवीत डब्याशिवाय काही नसतं, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. कुणी ‘नमस्कार काका’ म्हणायचं. वाईट काही नव्हतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर बंदूक पुसायचा कंटाळा यायला लागला, आणि फौजेतल्या माणसाला हत्यार पुसायचा कंटाळा आला म्हणजे काय, ते फौजेतल्याच माणसाला कळेल.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी निवडणुका लागल्या. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. गाडीवर होतो तोवर एजन्सी पत्र द्यायची, ह्यांची बंदूक कामाला लागते, जमा करून घेऊ नये. चौदा वर्षांत माझी बंदूक एकदाही जमा झाली नव्हती. ह्या वेळी शिपाई नोटीस घेऊन दारात आला. मी बंदूक, मॅगझिन आणि उरलेली काडतुसं घेऊन ठाण्यात गेलो. रांगेत बागायतदार होते, एक-दोन पुढारी होते, जाडजूड म्हातारे होते. जमादारानं बंदूक रिकामी आहे का बघायला बोल्ट ओढला. ‘‘लई मऊ चालतीय वं,’’ तो म्हणाला. ‘‘चांगली घासलीय.’’ मी पावती खिशात घातली आणि मोकळ्या हातांनी घरी आलो.

दोन दिवसांनी खंडेनवमी होती. मला वाटलं, ह्या वर्षी पाट मांडणार नाही. पण सकाळी उठलो तर लाल कापड अंथरलेलं. त्यावर विळी, कात्री, अडकित्ता.

‘‘काठी आणा तुमची,’’ बायको म्हणाली.

‘‘काठीची कसली पूजा?’’

‘‘पोट भरतीया ना ती?’’

मी काठी आणून ठेवली. तिनं तिला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, ‘‘आता वाहा पाहिजे तेवढ्या. काठीत दाणा अडकत नाही.’’

ती पाटाकडंच बघत होती. ‘‘त्या साली तरी कुठं अडकला व्हता?’’ ती म्हणाली. ‘‘पाटावर नुसती बंदूक व्हती. मॅगझिन तर तुमच्या कपाटात, कुलपात. चावी तुमच्या करगोट्याला.’’

मी कमरेला हात लावला. चावी तिथंच होती. मॅगझिन आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवायची, हा घरातला नियम माझाच. त्या दिवशी पूजेला मॅगझिन नव्हतंच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दाणा खोळीतून पडला होता. लहान पोरालाही कळलं असतं.

‘‘मग चुकलं माझं, का म्हणालीस?’’

‘‘दोष दाण्यावर जात व्हता, जाऊ दिला.’’ तिनं कुंकवाची बोटं कापडाच्या कडेला पुसली. ‘‘पावसाळ्यापासून बाही धरत व्हते मी. तांब्या डाव्या हातात बघत व्हते. नारळ तीन फटक्यांत बी फुटला नाय. ते तोंडावर म्हणले असते तर तुम्ही तिथंच खाली बसला असता. अजून एक म्हयना गाडीवर असल्यासारखे चालले तुम्ही. तेवढाच.’’

सगळ्या जगाची रोक शोधून काढणारा मी, आणि माझी रोक ह्या बाईनं गहू निवडता निवडता ओळखली होती, आणि तिच्या माहेरापर्यंत गेलेल्या माझ्या शिव्यांसकट ती आपल्या अंगावर घेतली होती. एवढं मोठं ऋण कसं फेडतात ते मला येत नाही.

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हणालो.

तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती नारळ घेऊन अंगणातल्या दगडाकडं गेली होती. आमच्या घरी नारळ आता तीच फोडते.